नानांच्या टीव्हीसाठी साडेआठ हजारांचा सर्व्हर

घरातल्या कॅसेटी, फोटो आणि व्हिडिओ एका ठिकाणी ठेवून टीव्ही-फोनवर दाखवणारा सर्व्हर, म्हणजे सतत चालू असणारा संगणक, मी स्वस्तात कसा उभा केला त्याची ही गोष्ट. आधी आकडे सांगते. असा लेख वाचायला घेतला की माझी नजर पहिल्यांदा तेच शोधते. मिनी पीसी सेकंडहँड, ८,५०० रुपये. ४ टीबीची नवी डिस्क ९,४००. ती बसवायचं यूएसबीचं डबं १,९००. २ टीबीच्या दोन पोर्टेबल डिस्क मिळून १३,०००. नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, टीव्हीवर अॅप चालावं म्हणून लावलेली स्टिक ३,२००. एकूण ३६,०००. यात मशीनचा वाटा चौथ्या हिश्शाहूनही कमी आहे. ते तसंच असायला हवं, हे मला आता पटलेलं आहे. सुरुवात मात्र मी नेमकी उलटी केली होती.

मी सांगलीत कर सल्लागार आहे. दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. संगणक वापरते, पण तो उघडून आत हात घालणारी मी नव्हते. हे सगळं शिकावं लागलं ते घरातल्या कॅसेटींमुळे. आमचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, त्यावरून काय झालं असेल त्याची कल्पना करा. तळमजल्यावरचं लाकडी कपाट पाण्यात उभं होतं आणि त्याच्या खालच्या दोन कप्प्यांत आमच्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. मुंजी, लग्नं, आजीचं सहस्रचंद्रदर्शन. १९ होत्या, ११ वाचल्या. बाकीच्या आठांत गाळ गेला. ऑडिओ कॅसेटी वरच्या कप्प्यात, म्हणून ६४च्या ६४ वाचल्या. त्यांतल्या सातांत आईच्या आवाजातल्या ओव्या आहेत. दादाने १९९१ च्या उन्हाळ्यात टू-इन-वन समोर ठेवून त्या भरून घेतल्या होत्या.

आई जाऊन आता सहा वर्षं होतील. नाना ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांना फार कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण गाणं त्यातून कर्कश लागतं म्हणून ते काढून ठेवतात. म्हणजे मला हव्या असलेल्या गोष्टी तीन. जे वाचलंय ते सगळं एका ठिकाणी नीट राहावं. नानांना रिमोटचं एक बटण दाबून ते पाहता यावं, ओव्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर यावेत. आणि पुन्हा पूर आला तर काहीही जाऊ नये.

कॅसेटी संगणकात उतरवण्याचं काम वेगळं लिहिण्याजोगं आहे, इथे त्यातलं थोडंच सांगते. एका जुन्या शूटिंगवाल्यांकडे चालू व्हीसीआर होता, तो महिन्याभरासाठी आणला. आपल्याकडच्या व्हीएचएसचं चित्र पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चौकटी, आणि प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांची बनलेली. एकाआड एक रेघा. संगणकाच्या पडद्यावर माणूस हलला की कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात त्या यामुळेच. फाइल दाखवताना दरवेळी सर्व्हरकडून त्या काढून घेण्यापेक्षा मी उतरवतानाच एकदा एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ प्रोग्रामच्या ‘बीडब्ल्यूडिफ’ या चाळणीतून सगळं काढलं. पुराचं पाणी लागलेल्या कॅसेटी मात्र व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड खराब होतं आणि मग चांगल्या कॅसेटीही चालत नाहीत.

सर्व्हर म्हणून आधी घरातलाच जुना डेस्कटॉप वापरला. ऑफिसमधून निवृत्त केलेला, इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा. फुकटच होता. त्यावर विंडोजच्या जागी डेबियन नावाचं लिनक्स टाकलं, घरातले व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारा जेलीफिन हा प्रोग्राम टाकला आणि पहिल्याच संध्याकाळी आई-नानांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची कॅसेट दिवाणखान्यातल्या टीव्हीवर लागली. जेलीफिन पूर्ण मोफत आहे. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या तशाच प्रोग्रामने आपला सोर्स कोड बंद केला, तेव्हा काही मंडळींनी शेवटचा खुला कोड घेऊन जेलीफिन वेगळं काढलं. याच कामाचा प्लेक्स दिसायला जास्त नीटस आहे, पण व्हिडिओ रूपांतरासाठी ग्राफिक्स चिपची मदत घ्यायची तर तिथे पैसे भरावे लागतात. जेलीफिनमध्ये ती मदत फुकट मिळते. स्वस्तात काम करायचं तर हा फरक मोठा आहे.

त्या डेस्कटॉपचे दोन त्रास निघाले.

पहिला त्रास विजेचा. भिंतीतल्या बोर्डाला लावून वॅट मोजणारा प्लग मिळतो, तो मी एका ग्राहकाकडून दोन दिवस मागून आणला. काही न करता नुसता चालू असलेला डेस्कटॉप ६२ वॅट खात होता. हिशोब सोपा आहे. एक वॅट वर्षभर अखंड चालला की पावणेनऊ युनिट होतात. ६२ वॅट म्हणजे महिन्याला जवळजवळ ४५ युनिट. आता महावितरणच्या बिलात युनिटचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०० च्या वर आणखी महाग. हे ४५ युनिट तुमच्या बिलात सगळ्यांत खाली नाही, सगळ्यांत वर जाऊन बसतात. एप्रिल-मेमध्ये एसी चालतो तेव्हा आमचं घर ३०० च्या कडेवर असतं. त्या वर्षी मे महिन्यात या फुकटच्या डेस्कटॉपनेच आम्हाला महागड्या टप्प्यात ढकललं होतं.

दुसरा त्रास मोबाइलच्या व्हिडिओंचा. लेकाच्या फोनमधले नवे व्हिडिओ एचईव्हीसी प्रकारचे असतात. जागा कमी घेतात, पण ते उलगडून दाखवायला जास्त गणित करावं लागतं. नानांच्या खोलीतला ३२ इंची टीव्ही २०१६ चा. त्याला एचईव्हीसी कळत नाही. अशा वेळी सर्व्हर ती फाइल जागच्या जागी टीव्हीला कळणाऱ्या एच.२६४ मध्ये बदलून पाठवतो. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात. त्या आय३ ला एच.२६४ चिपवर जमत होतं, एचईव्हीसी जमत नव्हतं. म्हणजे सगळा भार प्रोसेसरवर. नातवाच्या स्नेहसंमेलनाचा फोरके व्हिडिओ लावला की पंखा गिरणीसारखा ओरडायचा आणि चित्र दर चार सेकंदांनी थबकायचं. नानांना वाटायचं, आपल्याच हातून रिमोटचं काहीतरी चुकलं. ते रिमोट खाली ठेवून द्यायचे. मला ते बघवायचं नाही.

मग मी नवं मशीन शोधायला लागले.

रास्पबेरी पाय हा एका छोट्या बोर्डावरचा संगणक सगळेच सुचवतात. मी पाय ५ ची किंमत काढली. बोर्ड, २७ वॅटचा अडॅप्टर, पंखा, केस, मेमरी कार्डाऐवजी एसएसडी आणि ती लावायचा जोड. सगळं धरून आकडा एका बऱ्या सेकंडहँड मिनी पीसीच्या पुढे गेला. शिवाय पाय ५ मध्ये व्हिडिओ नव्या रूपात बांधून देणारं हार्डवेअरच नाही. एचईव्हीसी उलगडतो, पण एच.२६४ बनवायचं काम प्रोसेसरनेच करायचं. ज्याच्या घरचे सगळे टीव्ही नवे आहेत आणि ट्रान्सकोडिंग लागणारच नाही, त्याला तो छान आहे. मला नव्हता. दोन डिस्कांचे तयार नॅस डबे, म्हणजे फाइली ठेवून घरभर पुरवणारे डबे, पाहिले. रिकाम्या डब्यालाच इतके पैसे की तो विषय तिथेच संपला.

इंटेलच्या एन१०० वर चालणारे नवे छोटे डबे मला खरोखर आवडले. २०२३ च्या सुरुवातीला आलेली चिप. तिची ठरवलेली मर्यादा सहा वॅटची, आणि एव्ही१ हा व्हिडिओचा नवा प्रकारही ती उलगडते. नवंच घ्यायचं असेल, वॉरंटी हवी असेल तर तेच घ्या. पण मला मिळालेले भाव १५ हजारांच्या आसपास होते, आणि माझ्याकडे एव्ही१ची एकही फाइल नव्हती.

सेकंडहँड मिनी पीसी म्हणजे काय, ते आता सांगते, कारण आमच्याकडे अनेकांना हा प्रकार माहीतच नसतो. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांत, बँकांत, मॉनिटरच्या मागे चिकटवलेले वहीएवढे चपटे संगणक असतात. डेल त्यांना मायक्रो म्हणते, लेनोव्हो टायनी, एचपी मिनी. चार-पाच वर्षांनी ऑफिस ते शेकड्याने बाहेर काढतं. आतला प्रोसेसर डेस्कटॉपचाच असतो, फक्त कमी वीज खाणारा. आणि गेल्या वर्षी एक गोष्ट झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची रेषा आखली ती आठव्या पिढीपासून. म्हणजे सातव्या पिढीची चांगली चालणारी मशीनं ऑफिसांच्या लेखी एकदम निरुपयोगी झाली. लिनक्स चालवणाऱ्याला त्याने काडीचा फरक पडत नाही. मी नोव्हेंबरात गेले तेव्हा आठव्या पिढीला ११-१२ हजार सांगत होते आणि सातव्या पिढीला साडेआठ.

सातवीच का, सहावी का नाही? सहावी आणखी दीड हजाराने स्वस्त मिळत होती. तिची ग्राफिक्स चिप एचईव्हीसी ८-बिटच उलगडते, आणि फोनचे एचडीआर व्हिडिओ १०-बिट, म्हणजे रंग जास्त बारकाईने साठवणारे, असतात. सातव्या पिढीपासून १०-बिटही चिपवरच होतं. दीड हजारासाठी तिथे अडकायचं नाही. प्रोसेसरचं नाव वाचायला शिका, एवढं एकच पुरतं. माझा आय५-७५००टी आहे. डॅशनंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी. शेवटचा टी म्हणजे ३५ वॅटचा कमी खाणारा प्रकार. नंतरच्या पिढ्यांत शेवटी एफ दिसला तर घेऊ नका, त्यात ग्राफिक्स चिपच नसते, आणि आपल्याला हवी आहे ती नेमकी तीच.

खरेदीला पुण्याला गेले. दादा तिथे असतो. तापकीर गल्लीतल्या एका दुकानात त्याच्याबरोबर अख्खी दुपार काढली. जाताना पेन ड्राइव्हवर थेट चालणारं लिनक्स टाकून नेलं होतं. दुकानदार आधी जरा वैतागले, मग स्वतःच कुतूहलाने स्टूल ओढून बसले. मी पाहिल्या त्या गोष्टी अशा. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाता येतं का? ऑफिसातून आलेल्या मशीनला कधीकधी पासवर्ड ठेवलेला असतो आणि तो कुणालाच माहीत नसतो. डेलला एफ२, लेनोव्होला एफ१, एचपीला एफ१० दाबून बघायचं. मग लिनक्समध्ये ‘व्हीएइन्फो’ ही आज्ञा द्यायची. येणाऱ्या यादीत ‘एचईव्हीसी मेन १०’ ही ओळ दिसली की चिप खरंच काम करते आहे. मग ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने आतली एसएसडी तपासायची.

त्याच दुकानात मला एक जुनी ४ टीबीची डिस्कही दाखवली होती, ३,५०० ला. मोह झाला. तिचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढला तर ४१,००० तास चाललेली. ८,७६० तासांचं वर्ष, म्हणजे पावणेपाच वर्षं अखंड फिरलेली. वर ‘पेंडिंग सेक्टर’च्या, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या तुकड्यांच्या, रांगेत १६. त्या रांगेत शून्याखेरीज काहीही असलं तर डिस्क हातात घ्यायची नाही. दादा म्हणाला, "अगं, सहा हजार वाचतायत." मी म्हटलं, "दादा, यावर आईचा आवाज ठेवायचाय." तो पुढे काही बोलला नाही. नवी डिस्क त्यानेच पलीकडच्या दुकानातून पैसे देऊन आणली. ते पैसे मी नंतर परत केले, घेत नव्हता तरी.

प्रोसेसर जुना चालतो. तो बिघडला तर संध्याकाळ वाया जाते. डिस्क फिरती वस्तू, ती झिजते, आणि जाताना सगळं घेऊन जाते.

डिस्कची जात पण बघा. आजकालच्या पुष्कळ स्वस्त डिस्कांत एसएमआर नावाची रचना असते. कौलारू छपरावर कौलं कशी एकावर एक चढवलेली असतात, तसे लिहिण्याचे पट्टे एकमेकांवर चढवतात. जागा वाचते. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून पुन्हापुन्हा लिहायला या डिस्क मंद. सीएमआरमध्ये पट्टे सुटे असतात. रोजच्या वापराची ४ टीबी मी सीएमआर घेतली, साडेतीन इंची. एकदा लिहून ठेवायच्या प्रतींसाठी एसएमआर पोर्टेबल चालतात, आणि त्या स्वस्तही पडतात. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात. ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून तिच्या डब्याला स्वतःचा अडॅप्टर हवाच. ‘मिनी पीसीच्या आतच मोठी डिस्क बसवू’ असं मला वाटलं होतं. आतला कप्पा अडीच इंची आणि सात मिलिमीटर जाडीचा. २ टीबीच्या पुढच्या अडीच इंची डिस्क १५ मिलिमीटरच्या असतात, त्या आत जातच नाहीत. हे घेण्याआधी कळलं ते बरं झालं.

४ टीबी तरी का घेतली, हे मी आता स्वतःलाच विचारते. घरी येऊन सगळ्याची बेरीज केली. व्हिडिओ कॅसेटी ११, सुमारे ३३ तास. मूळ उतरवलेल्या फाइली तासाला १३ जीबी, म्हणजे ४३० जीबी. त्यांच्या बघायच्या प्रती तासाला साडेतीन जीबीच्या आसपास, म्हणजे १२० जीबी. ६४ ऑडिओ कॅसेटी फ्लॅक या आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या प्रकारात जेमतेम २५ जीबी. फोटो आणि फोनचे व्हिडिओ मिळून ६०० जीबी. सगळं जन्माचं मिळून १.२ टीबी. हे मी दुकानात जायच्या आधी करायला हवं होतं. दोन प्रतींसाठी २ टीबीच्या डिस्क घेतल्या त्या या बेरजेनंतर, म्हणून तिथे तरी पैसे वाचले.

मशीन घरी आलं आणि पहिले दोन दिवस रडकुंडीला आले. सगळं कमालीचं हळू. मेनू उघडायला दहा सेकंद. मला वाटलं, फसले. तिसऱ्या संध्याकाळी प्रोसेसरचा वेग पाहिला तर तो ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेला, कितीही काम द्या. कारण होतं अडॅप्टर. काही मशीनं आपल्याच कंपनीचा अडॅप्टर ओळखतात, आणि दुसरा लावला तर स्वतःला मुद्दाम मंद ठेवतात. दुकानातून मिळालेला दिसायला तसाच होता, पण मूळ नव्हता. सुरू होताना तशी सूचना येत होती. पण मशीनला पडदाच लावलेला नसल्यामुळे ती कुणी पाहिलीच नाही. मूळ अडॅप्टर दुकानदारांनी कुरिअरने पाठवला, पैसे न घेता. लावला आणि मशीन मोकळं झालं. तेव्हा सेकंडहँड घेताना अडॅप्टर मूळ आहे का, हे दुकानातच पडदा लावून बघून घ्या.

आता मोजमाप. मिनी पीसी नुसता बसलेला असताना नऊ-दहा वॅट, फिरती डिस्क सहा. मिळून १६. आधीच्या ६२ च्या जागी १६, म्हणजे महिन्याला ३३ युनिट कमी. दहा रुपये युनिट धरला तरी वर्षाला चार हजारांच्या जवळपास. सव्वादोन वर्षांत मशीनची किंमत फिटते. स्नेहसंमेलनाचा फोरके व्हिडिओ बदलून पाठवताना प्रोसेसर १५ टक्क्यांच्या पुढे गेला नाही. पंखा ऐकू येत नाही.

आणि आता जे मला उशिरा कळलं ते. नानांच्या टीव्हीला मी ३,२०० ची अँड्रॉइड स्टिक लावली, कारण त्या जुन्या टीव्हीवर जेलीफिनचं अॅप येत नव्हतं. स्टिक लावल्यावर एचईव्हीसी फाइली ती स्वतःच उलगडायला लागली. सर्व्हरला बदलून पाठवायची गरजच उरली नाही! म्हणजे नानांची मूळ अडचण स्टिकनेच सुटली असती. मशीनआधी टीव्ही बघायचा असतो. घरातले सगळे पडदे काय-काय ओळखतात याची यादी करायची, तीन हजारांत त्यांतला एखादा सुधारतो का बघायचं, आणि मग उरलेल्या कामापुरतं मशीन घ्यायचं.

माझ्याकडे उरलेली कामं दोन. बडोद्याची आत्या फोनवर सगळं बघते, तिच्या मोबाइल नेटला फोरके झेपत नाही, तिच्यासाठी लहान करून पाठवावं लागतं. (आमच्या नेट कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात. त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत सरळ वाट नसते. टेलस्केल या अॅपने ती होते. आत्याच्या फोनमध्ये मी दिवाळीत तिच्या स्वयंपाकघरात बसून ते घालून दिलं.) दुसरं काम ओव्यांचं. आईच्या फोटोंवर आवाज चढवून मी सात व्हिडिओ केले आणि शब्द सबटायटल म्हणून लिहिले. ते स्टिकवर नीट येईनात. अक्षरं बारीक आणि जोडाक्षरं फुटलेली. मग सर्व्हरनेच ती चित्रावर छापून पाठवायची असं ठरवलं. पहिल्यांदा सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन आले, कारण डेबियनवर देवनागरी फॉन्टच नव्हता. नोटो सान्स देवनागरी टाकला आणि अक्षरं उमटली. ज्यांना मराठी सबटायटल दाखवायचे असतील त्यांनी हे लक्षात ठेवा, अर्धा दिवस वाचेल.

सर्व्हर पहिल्या मजल्यावर, माळ्याखालच्या फळीवर आहे. २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं याच्या खुणा जिन्याच्या भिंतीवर आहेत, त्या सगळ्यांच्या वर. खाली टीव्ही वायफायवर चालतो. कॅसेटींचे व्हिडिओ सेकंदाला आठ मेगाबिटचे, त्याला काहीच लागत नाही. राउटरचं पोर्ट मात्र १०० मेगाबिटचंच आहे, म्हणून पहिल्यांदा सगळं भरताना नेटवर्कवरून पाठवलं असतं तर सव्वा दिवस लागला असता. डिस्क सरळ यूएसबी ३ ला जोडली, तीन तासांत झालं. वीज आमच्याकडे जाते-येते. सर्व्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, आणि इन्व्हर्टरच्या मागचा खटका ‘यूपीएस’वर केला, तरच वीज जाताना मशीन बंद पडत नाही. शिवाय बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ असं लावून ठेवलं आहे, म्हणजे मी ऑफिसात असले तरी नानांचं अडत नाही.

दोन डिस्कांचं रेड, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिलं जाणं, केलं नाही. पाणी आलं तर दोन्ही एकाच फळीवर भिजतील. त्याऐवजी एक पोर्टेबल डिस्क दर रविवारी जोडते, प्रत घेते, काढून लोखंडी कपाटात ठेवते. दुसरी दादाकडे पुण्यात. गणपतीत तो येतो आणि दिवाळीत मी जाते, तेव्हा दोन्हींची अदलाबदल होते. २०१९ च्या त्या कपाटानंतर माझ्या जिवाला सगळ्यांत जास्त स्वस्थता या डिस्कने दिली आहे. पुण्याच्या घरी ती देव्हाऱ्याखालच्या खणात असते. वहिनीने तिला खणाच्या कापडाची पिशवी शिवली आहे.

गेल्या रविवारी दुपारी नानांनी पहिली ओवी लावली. आवाज बंदच होता, त्यांना त्याची गरज नसते. मी शेजारी बसून कपडे घडी करत होते. तिसऱ्या ओळीला त्यांनी रिमोटने चित्र थांबवलं आणि बोटाने पडद्यावरचा शब्द दाखवला.

"इथं ‘माहेर’ लिहिलंयस. ती ‘मोहर’ म्हणायची. आंब्याचा."

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. तीनदा ऐकलं. मोहरच होता. वर गेले, फाइल उघडली, शब्द बदलला आणि खाली आले तोवर त्यांनी ओवी पुन्हा पहिल्यापासून लावली होती.